छेद कोण ठरवणार?

विद्यापीठांच्या सभांमधून आणि कार्यशाळांमधून सध्या एकच मागणी ऐकू येते. निकालांची, मूल्यमापनाची, नॅकच्या (राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद) तपासणीसाठी जमवलेली सारी आकडेवारी एका डॅशबोर्डवर आणा. तक्ते संवादी करा. बोट टेकवले की महाविद्यालय, विषय, सत्र, प्रवर्ग बदलता आला पाहिजे. मग पारदर्शकता आपोआप येईल. वाद झालाच तर एक्सेल पुरेल की पॉवर बीआय घ्यावे, एवढ्यापुरता. आकडे कुणाचे आणि कितीपैकी, हे कुणी विचारत नाही. ही चर्चा मला उथळ वाटते ती यामुळे.

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात असलेल्या राणीसावरगावच्या बाजूने हा प्रश्न पाहावा. हा जिल्हा 1994 साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. बालाघाटाच्या या पट्ट्यात दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या जोडीतला एखादा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असू शकतो. हिवाळी सत्राची परीक्षा नेमकी याच हंगामात येते. त्याने प्रवेश घेतलेला असतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला असतो, पण पेपरच्या दिवशी तो उसाच्या फडात असतो. पुढे तो तिसऱ्या वर्षापर्यंत पोचला नाही, तर अंतिम निकालात तो नापास म्हणूनही दिसत नाही. तो तिथे नसतोच.

समजा, पहिल्या वर्षाला 120 जणांनी प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला त्यांतले 56 बसले आणि 42 उत्तीर्ण झाले. बसलेल्यांपैकी मोजले तर निकाल 75 टक्के. प्रवेश घेतलेल्यांपैकी मोजले तर 35 टक्के. दोन्ही आकडे खरे, आकडेमोडही बिनचूक. फरक फक्त छेदाचा. नॅकने संलग्न महाविद्यालयांसाठी ठरवलेल्या निकषांत उत्तीर्णतेची टक्केवारी काढताना अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी छेदात धरले. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीने विद्यापीठ परीक्षांचा निकष मांडताना छेदात मंजूर प्रवेशक्षमता घेतली आणि अंशात ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झालेले. म्हणजे एकाच महाविद्यालयाचे दोन सरकारी चेहरे आहेत. दुसरा छेद अधिक प्रामाणिक, तरी तोही अपुरा. कारण मंजूर जागा म्हणजे दारात आलेले विद्यार्थी नव्हेत. शिवाय त्या क्रमवारीत उतरणे ऐच्छिक आहे.

शिक्षण मोजताच येत नाही, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही; परीक्षा घेऊन गुणपत्रिका देणाऱ्या संस्थेला तो पवित्रा शोभत नाही. खेड्यात इंटरनेट नाही, ही तक्रारही आता जुनी झाली. माझा वाद आहे तो ‘आकडे उघडे ठेवा, ते स्वतःच बोलतील’ असे मानणाऱ्यांशी. हे मत सद्हेतूचे आहे, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे.

पहिली गोष्ट, संवादी तक्त्यातली प्रत्येक निवड परीक्षेला बसलेल्यांच्या यादीतच फिरते. मुलींचा निकाल वेगळा काढता येतो; पण दुसऱ्या वर्षात लग्न होऊन गेलेली मुलगी त्या निवडीत सापडत नाही. प्रवर्ग निवडता येतो, स्थलांतर निवडता येत नाही. वाचणाऱ्याला वाटते, आपण हवे ते विचारतो आहोत. प्रत्यक्षात ज्यांची उत्तरे आधीच ठरली आहेत, तेवढेच प्रश्न त्याच्या हाती दिलेले असतात.

दुसरी गोष्ट, लहान महाविद्यालयात एखाद्या विषयाच्या तिसऱ्या वर्षाला आठच विद्यार्थी असतात. तिथे एकाचा निकाल म्हणजे साडेबारा टक्के. एक मुलगी आजारी पडली की स्तंभ हिरव्याचा लाल होतो आणि विभागप्रमुखाला खुलासा मागितला जातो. तक्त्यातला रंग आठ आणि आठशे यांत भेद करत नाही. तो भेद माणसाने करावा लागतो. अभ्यासक्रमाच्या फलनिष्पत्तीचेही तेच. किती टक्के विद्यार्थ्यांनी किती गुण मिळवले म्हणजे पातळी 1, 2 किंवा 3 गाठली, याचा उंबरठा बहुधा महाविद्यालय स्वतःच ठरवते. उंबरठा खाली आणला की आलेख वर जातो. हे आकडे बोलतात खरे, पण बोलायला शिकवल्याप्रमाणे.

यावर ‘आकडे उघडे ठेवा’ म्हणणाऱ्यांचे सर्वांत वजनदार उत्तर असे : गैरहजर विद्यार्थी गळालाच असे कशावरून? तो पोलीस भरतीत निवडला गेला असेल, आयटीआयला गेला असेल, लातूरच्या महाविद्यालयात गेला असेल. मग त्याचे ओझे पहिल्या महाविद्यालयाच्या माथी का? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. कोण कुठे गेले हे माहीत नसेल तर ते न कळणेच तक्त्यात दिसले पाहिजे. कायम नोंदणी क्रमांक आहे, 2021 पासून विद्यार्थ्याचे श्रेयांक नोंदवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्याचा माग काढणे अशक्य राहिलेले नाही. जो सापडत नाही, त्याच्यासाठी स्वतंत्र रकाना हवा. त्याला छेदातून वगळणे हे उत्तर नव्हे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (2020) हा प्रश्न आणखी निकडीचा केला आहे. आता एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. ज्याला खरोखर थांबायचे आहे त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे. पण घरच्या कर्जापायी कोयता हाती घेतलेल्या मुलाचे जाणे उद्या ‘स्वेच्छेने बाहेर पडला’ अशा नोंदीखाली अंशात जमा झाले, तर गळती हीच यशाची आकडेवारी होईल.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले : शिक्षणाचा पैसा रयतेच्या करातून येतो, पण लाभ वरच्या थोड्यांना मिळतो. शिकलेल्यांची संख्या वाढल्याचे कौतुक चालू असताना त्यांनी साऱ्या रयतेला छेदात आणून बसवले. इतिहासाची उजळणी इथे करत नाही. पण त्या दृष्टीचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात विद्यापीठांचे तक्ते तिच्यापासून इतके दूर असावेत, हे मला लाजिरवाणे वाटते.

म्हणून माझ्या दृष्टीने खरा भेद कागदी अहवाल आणि संवादी डॅशबोर्ड यांच्यात नाही. तो छेद ठरवून दिलेला तक्ता आणि छेद बदलता येणारा तक्ता यांच्यात आहे. पहिला कितीही देखणा असो, तो वर पाठवण्यासाठी असतो. दुसरा एका साध्या पानावर, चार रकान्यांत असला तरी त्यातून खरोखर विचारता येते : प्रवेश किती, परीक्षा अर्ज किती, हजर किती, उत्तीर्ण किती. हे चारही आकडे महाविद्यालयाच्या कार्यालयात आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आजही आहेत. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही, फक्त ते शेजारी शेजारी ठेवण्याची तयारी लागते.

विद्यापीठांनी पुढचा डॅशबोर्ड विकत घेण्याआधी हे चार रकाने प्रत्येक महाविद्यालयासाठी, प्रत्येक सत्रासाठी जाहीर करावेत आणि टक्केवारी कितीपैकी काढायची, हे वाचणाऱ्यावर सोपवावे. राणीसावरगावच्या पालकाला तेवढा अधिकार मिळत नाही, तोवर त्या तक्त्यांना मूल्यमापन म्हणू नये. ती जाहिरात आहे.