लायक पालक

मूल जन्माला घालायला या देशात कुठलाही दाखला लागत नाही. सायकलीच्या दुकानात पंक्चर काढायला नोकर ठेवतानासुद्धा मालक त्याला चार प्रश्न विचारतो. पण आमचे मेहुणे तीन मुलांचे बाप झाले, त्यांना एकदाही कुणी विचारलं नाही, की बुवा, तुम्हाला राग आवरता येतो का? आम्हाला मात्र विचारलं. त्याचं कारण, आम्ही मूल दत्तक घ्यायला निघालो होतो.

दत्तक घेण्याचं सगळं काम दिल्लीच्या एका सरकारी यंत्रणेमार्फत चालतं. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण हे तिचं पूर्ण नाव, लघुरूप 'कारा'. हे नाव ऐकून आमच्या आत्याच्या कपाळाला आठी पडली. "कारा म्हणजे तुरुंग ना रे?" मी म्हटलं, "आत्या, श्रीकृष्णसुद्धा कारागृहातूनच यशोदेकडे आला होता." आत्या दर गोकुळाष्टमीला न चुकता पाळणा म्हणते, त्यामुळे तिला पुढे बोलता येईना. तरी रात्री जेवताना तिने शेवटचा प्रयत्न केलाच. "पण कुणाचं रक्त, काय रक्त, काही कळायला नको?" यावर आमच्या हिने आमच्याच रक्ताच्या दोन काकांची नावं घेतली. आत्याने आमटीची वाटी पुढे केली.

पहिली पायरी गणिताची. लग्नाच्या वेळी आमचे गुण जुळवले होते, आता वयांची बेरीज केली. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर जाता कामा नये. मी ४३, ही ४०. म्हणजे ८३. आयुष्यात मी इतक्या काठावर कुठेच पास झालो नव्हतो. मग कागद. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्रकृती ठीक असल्याचा दाखला. शिवाय आम्हाला ओळखणाऱ्या दोघांची पत्रं. त्यातलं एक पलीकडच्या ब्लॉकमधल्या काकांनी दिलं. माझी स्कूटर त्यांच्या खिडकीखाली असते म्हणून हे गृहस्थ गेली सहा वर्षं सोसायटीकडे अर्ज करताहेत. त्यांनी लिहिलं, 'यांचा स्वभाव अत्यंत सहनशील आहे.' हे त्यांनी अनुभवावरून लिहिलं असावं.

खरी परीक्षा पुढेच होती. संस्थेकडून समाजसेविका बाई घरी येतात, घर बघतात, दोघांशी एकत्र बोलतात, वेगवेगळं बोलतात आणि अहवाल लिहितात. मी आठ दिवस आधी घर आवरायला काढलं, आणि लक्षात आलं की आवरायला काही नाहीच. पंधरा वर्षांच्या संसारात आमच्या घरातली एकही वस्तू जागची हलली नव्हती. काचेचं फुलपाखरू लग्नात आलं तसंच होतं. मग मीच शहाणपणा करून बालसंगोपनाची दोन पुस्तकं टीपॉयवर, सहज पडल्यासारखी, ठेवली.

आणि मनात धुसफूस होतीच. आमचीच परीक्षा का? पूर्वी असं नव्हतं. १८७५ साली बडोद्याच्या गादीसाठी दत्तक घ्यायचा होता, तेव्हा नाशिककडच्या कवळाणे गावातून मुलं नेली होती. त्यांना विचारलं, तुम्ही कशाला आलात? त्यातला गोपाळ म्हणाला, राज्य करायला! असं सांगतात. तोच पुढे सयाजीराव महाराज झाला. म्हणजे तेव्हा प्रश्न मुलाला होता. दत्तक वारसासाठी घ्यायचा, पिंडदानासाठी घ्यायचा. मुलगी दत्तक घेण्याची सोय हिंदू कायद्यात आली ती १९५६ साली. आता खुर्चीत आम्ही बसलो होतो.

बाई आल्या. साध्या, हसऱ्या. कपाटं उघडली नाहीत, पुस्तकांकडे बघितलंही नाही. चहा घेतला आणि विचारलं,

"तुम्हाला मूल कशासाठी हवंय?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी घसा साफ केला. "एका अनाथ जिवाला घर मिळावं, प्रेम मिळावं, समाजाचं आपण काही देणं लागतो..."

बाईंचं पेन हललं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "छान. आणि पंधराव्या वर्षी ते मूल तुम्हाला म्हणालं, मी कुठं सांगितलं होतं मला आणा म्हणून, तर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर होतं. आणि ते तोंडाशी आलं म्हणूनच मी गप्प बसलो. 'एवढं केलं तुझ्यासाठी, आणि हे पांग फेडलेस?' न आलेल्या पोराला मी मनातल्या मनात बोललोसुद्धा होतो.

बाईंनी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "आमचं घर फार आवरलेलं असतं हो. मला ते सहन होत नाही."

बाईंनी लिहायला सुरुवात केली.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. माझं उत्तर परोपकाराचं होतं, हिचं उघड स्वार्थाचं. शाळेत निबंध असता तर मला जास्त गुण पडले असते. पण उपकाराला एक खोड असते. तो वहीत लिहून ठेवलेला असतो. ज्याच्यावर उपकार केला त्या पोराने जन्मभर हप्ते भरायचे. परीक्षेत नापास झालं तर अपराधी वाटून घ्यायचं, उलट बोललं तर कृतघ्न ठरायचं. पोटच्या पोराला आपण फुकट वाढवतो, आणि याला मात्र उधारीवर? स्वार्थाने आणलेलं मूल कुणाचं काही लागत नाही. आम्हाला ते हवं होतं, म्हणून आणलं, हिशेब मिटला. झालेच तर आम्हीच त्याचे देणेकरी.

बाई आम्हाला छळायला आल्या नव्हत्या, एवढं मला उशिरा कळलं. ज्या मुलाला स्वतःचे प्रश्न विचारता येत नाहीत, त्याच्या वतीने त्या विचारत होत्या. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी चौकशी होते. मेहुण्यांकडेही कुणीतरी जायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

तेव्हापासून आम्ही रांगेत आहोत. नोंदणी केलेले पालक पुष्कळ, आणि कायद्याने दत्तक देता येतील अशी मुलं थोडी. आमचा क्रमांक रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखा हळूहळू सरकतो. नंबर लागला की बाळाचा फोटो आणि माहिती येते, आणि हो म्हणायला ४८ तास मिळतात. दिवाळीच्या पडद्याचा रंग ठरवायला आम्हाला याहून जास्त वेळ लागला होता. पण ही म्हणते, "४८ तास काय करायचेत?"

आत्याने गोधडी शिवायला घेतली आहे. केवढी शिवावी ते कळत नाही म्हणून मोठीच शिवते आहे. रक्ताचा विषय तिने पुन्हा काढला नाही. रोज संध्याकाळी फोन करून एवढंच विचारते, "नंबर किती झाला रे?"

मी मात्र तयारीला लागलो आहे. काल वर्तमानपत्र वाचून मुद्दाम खोलीभर पसरून ठेवलं, चप्पल सोफ्याखाली सरकवली आणि काचेचं फुलपाखरू उलटं करून ठेवलं. म्हटलं, हिला जरा बरं वाटेल.

हिने दारातूनच बघितलं.

"उचला ते सगळं," ती म्हणाली. "ते काम तुमचं नाही."