समाजशास्त्राचे अध्ययन आणि अध्येत्याचे घर

समाजशास्त्राचा किंवा मानवशास्त्राचा विद्यार्थी लोकांत जाऊन माहिती गोळा करावयास निघाला म्हणजे तो बहुधा डोंगराची वाट धरतो. तो मंचरचा असला तर ही वाट ठरलेलीच असते. घोडेगाव मागे टाकून, डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेने, तो भीमाशंकरच्या रानातील महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर जातो. त्यांची कुळे, लग्नविधी, भातशेती, हिरड्याची वेचणी हे सर्व तो वहीत टिपून आणतो. मंचरच्या पेठेत कोणाची सोयरीक कोणाशी जमते व कोणाशी जमत नाही, बागायतदार मजुरास कोठे जेवावयास बसवितो, ह्याविषयी मात्र त्या वहीत एक ओळही नसते. ही दिशा केवळ सोयीची आहे, की तीत काही नैतिक उणीव आहे?

परक्या नजरेस जे दिसते ते घरच्या माणसास दिसत नाही, असे ह्यावर उत्तर मिळते, आणि ते खोटे नाही. घरातला वास घरच्यांस येत नाही. परंतु हे उत्तर खरे मानले, तर कोळीवाडीतल्या मुलानेही मंचरात येऊन आमची सोयरसुतके विचारावयास हवीत. तसे कोणी आल्यास आम्ही त्याचे स्वागत कितपत करू, ह्याची आम्हांस शंका आहे.

डॉ. घुर्ये ह्यांनी १९४३ साली आदिवासींच्या भवितव्यावर ग्रंथ लिहून त्यांस मागासलेले हिंदू ठरविले. व्हेरियर एल्विन ह्यांस त्यांचे वेगळेपण राखावेसे वाटत होते. दोघेही थोर पंडित. पण आदिवासी कोण हे ठरविणाऱ्या त्या दोघांत आदिवासी एकही नव्हता. पुढे १९५७ साली घुर्यांनी महादेव कोळ्यांवरही ग्रंथ लिहिला. जुन्नरकडच्या त्याच समाजातून आलेले डॉ. गोविंद गारे ह्यांनी नंतर आपल्या लोकांविषयी स्वतः लिहावयास घेतले, ही घटना आम्हांस कोणत्याही सिद्धांताहून मोठी वाटते.

मोजणारा स्वतःही मापाखाली आला म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण इरावतीबाई कर्वे ह्यांच्या चरित्रात आहे. १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर ह्यांच्या हाताखाली त्यांनी कवट्यांच्या दोन बाजूंतील असमानतेचा अभ्यास केला. युरोपीय व युरोपाबाहेरील कवट्या एकाच मापाने मोजल्यावर त्या असमानतेचा वंशाशी संबंध त्यांस आढळला नाही, आणि गुरूचे मत वेगळे असूनही त्यांनी आपला निष्कर्ष बदलला नाही. केवळ परक्यांच्याच कवट्या मोजल्या असत्या तर हे कळले कसे असते?

ह्या प्रांती तर अध्येता व अध्ययनविषय ह्यांस जोडणारा एक कालवा आहे. डिंभे धरणात आंबेगाव हे गाव बुडाले. तालुक्यास नाव उरले, गाव उरले नाही. त्या धरणाचे पाणी खालच्या बागायतीस मिळते. पाण्याखाली गेलेल्या खाचरांचे धनी, किंवा त्यांची मुले, पुढे त्याच बागायतीत रोजाने राबावयास उतरतात. नारायणगावी तर अशा मजुरांचा बाजारच भरतो. विद्यार्थी वाडीतल्या दैवतांची यादी करतो आणि आपल्या उसास पाणी कोठून आले हे लिहीत नाही, तेव्हा त्याची वही खोटी नसली तरी अर्धी असते. शास्त्रास हे काम परके नव्हे. कोयना धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी इरावतीबाई व जाई निंबकर ह्यांनी केली व ती १९६९ साली प्रसिद्ध झाली.

म्हणून विद्यार्थ्यास डोंगरावर धाडण्यापूर्वी त्याच्याकडून त्याच्याच घराची वही भरून घ्यावी, असे आम्हांस वाटते. जमीन कोणाच्या नावावर, पाणी कोठले, मजूर कोणत्या वाडीचा, त्यास रोज काय, आणि त्याचा पेला घरात कोठे ठेवतात. हे विचारताना वडील रागावतील, अशी अडचण कित्येक विद्यार्थी सांगतील. ती अडचणही वहीत लिहावी.