दारावरील पाटी

मध्यंतरी एक सद्गृहस्थ सल्ल्यासाठी माझ्याकडे आले. पहाटे पाव घेऊन आलेल्या पोदेराच्या पोटरीला त्यांच्या कुत्र्याने कडकडून चावा घेतला होता. फाटकाची कडी आदल्या रात्री लावावयाची राहून गेली होती. गृहस्थ मनाने वाईट नव्हते; औषधपाण्याचा खर्च देण्याची त्यांची तयारी होती. दोष मात्र त्यांना मान्य नव्हता. “दारावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी ठळक अक्षरांत पाटी आहे. आणखी मी काय करावयास हवे होते?” असे त्यांनी विचारले. या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर थोडक्यात देता येते. नैतिक उत्तरासाठी मात्र थोडे खोलात शिरावे लागते.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम असे सांगते की, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मनुष्याच्या जिवास अथवा त्याला जबर दुखापत होण्याचा जो संभाव्य धोका असेल, तो टाळण्यास पुरेशी खबरदारी जाणूनबुजून वा हयगयीने न घेणारा सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांस पात्र होतो. १८६० च्या दंडसंहितेचे २८९ वे कलमही याच आशयाचे होते. दंडाची मर्यादा तेवढी १,००० रुपये होती. ‘ताब्यातील’ हा शब्द येथे ध्यानात घ्यावा. कुत्रा विकत कोणी घेतला, हा प्रश्न गौण आहे. शिवाय खबरदारी ‘पुरेशी’ हवी. उघड्या फाटकावरील पाटीला पुरेशी कसे म्हणावे? उलट, धोका मला ठाऊक नव्हता, असे म्हणण्याची सोय ती लावणाऱ्याला उरत नाही. जिला हे गृहस्थ ढाल समजत होते, ती वस्तुतः त्यांची कबुली होती.

नुकसानभरपाईच्या बाबतीत दोन परंपरांतील भेद उद्बोधक आहे. जुन्या इंग्रजी न्यायपरंपरेत पाळीव प्राण्याच्या खोडीची मालकास पूर्वकल्पना होती, हे जखमी मनुष्याला सिद्ध करावे लागे. कुत्र्याला पहिला चावा माफ, ही तिकडील लोकोक्ती त्यातूनच निघाली. गोमंतकात १८७० पासून लागू झालेल्या १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेची भूमिका निराळी होती. तीत भरपाईचा भार प्रथमतः मालकावर असे. आपला दोष वा निष्काळजीपणा नव्हता, हे त्याने सिद्ध केले तरच त्याची सुटका. पहिली परंपरा विचारते, “तुला ठाऊक होते काय?” दुसरी विचारते, “तू काय केलेस?” नीतीच्या दृष्टीने मला दुसरा प्रश्न अधिक रास्त वाटतो. कारण आपले अज्ञान पुष्कळदा निरागस नसते. अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्याला पाहून पाहुणा दचकतो आणि आपण हसून म्हणतो, “अहो, तो खेळतो आहे.” त्या क्षणी आपण ठाऊक करून घ्यावयाचेच टाळीत असतो.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या २३ जाती हिंस्र ठरवून त्यांच्या विक्रीस व पालनास परवाने देऊ नयेत, असे राज्यांना कळविले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता काढलेले ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केले. अशा यादीचा उपयोग असेल वा नसेल. परंतु यादीत नाव नसलेल्या गावठी कुत्र्याचा दातही तितकाच खोल जातो, आणि दिवसभर आखूड साखळीला जखडलेला कोणताही कुत्रा हिंस्र होण्याचा संभव असतो.

या बाबतीत आपल्या धर्मशास्त्राने केलेला विचार मला विशेष मोलाचा वाटतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, चतुष्पादाने इजा केली तरी ‘दूर हो’ असे ओरडून सांगणाऱ्याकडे दोष जात नाही, असे म्हटले आहे. आमच्या गृहस्थांना हे वचन ठाऊक असते तर त्यांनी ते आनंदाने पुढे केले असते! परंतु त्याच प्रकरणात थोडे पुढे स्मृतिकार म्हणतात की, सुळ्यांच्या वा शिंगांच्या प्राण्याने कोणास धरले असता, शक्ती असूनही जो स्वामी त्याला सोडवीत नाही, त्याने दंड भरावा. आणि सापडलेल्या मनुष्याने आक्रोश केला असेल, तर तो दंड दुप्पट. कल्याणी येथे मिताक्षरा रचणाऱ्या विज्ञानेश्वरांनी ज्या स्मृतीवर भाष्य केले, तीच ही स्मृती.

ही दोन वचने एकत्र वाचावीत. इशारा हा जिवंत माणसाने समोरच्या माणसाला, ऐन प्रसंगी, त्याला कळेल असा द्यावयाचा असतो. पाटी मुकी असते. अंधारात ती दिसत नाही, लहान मुलाला ती वाचता येत नाही. आणि इशारा दिल्यानंतरही कर्तव्य शिल्लक राहतेच. ते सामर्थ्यातून उपजते: ज्याला आवरता येते, त्याने आवरले पाहिजे. दुसऱ्याचा आक्रोश कानी पडल्यावर तर ते दुणावते.

कुत्रा पापी नसतो. त्याला पाप-पुण्याचा विवेक दिलेला नाही. म्हणूनच त्याच्या दाताने घडलेल्या अपराधाला दुसरीकडे घर शोधावे लागते, आणि ते घर म्हणजे त्याला अन्न घालणाऱ्याचे अंतःकरण होय. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपणांस वंदनीय आहेत. दत्तमूर्तीच्या पायांशी बसलेल्या श्वानांपुढेही आपण हात जोडतो. परंतु ज्या भूतदयेत आपला कुत्रा बसतो आणि दारी आलेला पोदेर बसत नाही, ती भूतदया नव्हे. तो निव्वळ ममत्वाचा विस्तार होय.

मी त्या गृहस्थांना इतकेच सांगितले: “आधी पोदेराच्या घरी जा. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने नीट धुतली होती काय, ते विचारा. त्याला लस टोचण्यासाठी स्वतः घेऊन जा. तुमच्या कुत्र्याला लस टोचली आहे की नाही, हे डॉक्टरांना खरे सांगा. कायद्याचे नंतर पाहू.” ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कुत्र्याला लस टोचलेली नाही.” मी घड्याळाकडे पाहिले. ते उठून तडक त्याच्या घराकडे निघाले.