काचेचं रबर आणि मिलिंदाचा रथ

जुन्या गाडीचं इंजिन बसलं की सगळे हळहळतात. काचेचं रबर गेलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. उन्हानं आणि हवेतल्या ओझोननं ते कडक होतं, तडकतं, काचेपासून सुटतं. मग पावसाचं पाणी दारात उतरतं आणि पत्रा आतून गंजू लागतो. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं. सडलेल्या दाराला फक्त ठिगळं लावता येतात.

आमच्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे. या मॉडेलला पद्मिनी हे नाव 1974 मध्ये मिळालं, पण आमच्या घरी ती फियाटच. तिचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटलीत. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. आता नाशकात द्वारकेच्या दुकानांत रबर मागितलं की पहिला प्रश्न येतो, "सॅम्पल आणलंय का?" आणि दुसरा, "कशाला ठेवलीय अजून?"

पर्याय दोनच. भंगारातल्या गाडीचं काढलेलं 'ओरिजिनल', किंवा मीटरवर मिळणारं, साधारण त्याच कापाचं नवं रबर. गंमत अशी, की ओरिजिनल माझ्या रबराइतकंच म्हातारं. रबर नुसतं पडून राहिलं तरी वय त्याला चुकत नाही. म्हणजे जे अस्सल ते गळणार, आणि जे कुणाचंच नाही ते पाणी अडवणार.

असे भाग बदलत गेलो तर ती बाबांची गाडी उरते का? 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन यवन राजा मिलिंदाला असंच कोंडीत पकडतो. तू रथातून आलास ना? मग आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. शेवटी ठरतं, की या सगळ्यांच्या आधारानं चालणारं 'रथ' हे एक नाव आहे. आपल्या पांडवलेण्यांतलं 17 क्रमांकाचं लेणंही इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं कोरवून घेतलं. तसा शिलालेख तिथे आहे. खालून मुंबई-आग्रा महामार्ग धावतो. हा प्रश्न विचारायला याहून बरी जागा कुठली?

मला मात्र नागसेनाची यादी अपुरी वाटते. तीत तो दुकानदार नाही, जो जुन्या तुकड्याचा काप बोटानं चाचपून रोल शोधतो. गाडी हे नाव सुट्या भागांवर टिकतं, तसंच अशा माणसांवरही. कारखाना थांबला की ती संपली, हे मला मान्य नाही.

पण दुकानदाराचा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. या गाडीच्या धुराला गाळणारं काहीच नाही. जीव माझा जडलाय आणि धूर जातो मागच्या स्कूटरवरच्या पोराच्या नाकात. बाबांची आठवण हे त्याला द्यायचं उत्तर होऊ शकत नाही. म्हणून माझ्यापुरतं ठरवलंय: गाडी दुरुस्त ठेवायची, रोज काढायची नाही. ही पळवाट आहे असं बहीण म्हणते. असेलही.

रबर शेवटी मीटरवरचंच घेतलं. बसवताना मेकॅनिकनं दाराच्या तळाची बारीक भोकं तारेनं मोकळी केली. रबर कितीही चांगलं असलं तरी थोडं पाणी आत जातंच, म्हणाला. दार बनवणाऱ्यानं ते धरूनच भोकं ठेवलेली असतात. तीस वर्षांचा चिखल निघाला त्यातून.