निद्रिताची साक्ष

झोंपलेल्या माणसाच्या श्वासाविषयीं साक्ष कोणाची मानावी? त्याची स्वतःची तर नव्हेच. 'स्लीप ॲप्निया' या व्याधींत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, १० सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबतो, मेंदू दचकून तो पुन्हां सुरू करतो. आणि सकाळीं तोच गृहस्थ 'झोंप उत्तम लागली' असें अगदीं प्रामाणिकपणें सांगतो! खरें काय तें शेजारीं जागणाऱ्या पत्नीस ठाऊक. म्हणून आमच्या मतें उपचाराचा आरंभ यंत्रापासून होत नाहीं. स्वतःच्या अनुभवाहून दुसऱ्याचा शब्द खरा मानण्यापासून होतो. कर्त्या पुरुषास हेंच जड जातें.

सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन प्रभृतींनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेला सीपॅपचा उपाय तसा साधा आहे. नाकावरील मुखवट्यांतून दाबानें सतत हवा येते व घसा मिटत नाहीं. श्वास मात्र आपला आपणच घ्यावयाचा असतो. तरी 'यंत्राच्या आधारानें जगणें नको' म्हणणारे पुष्कळ. चष्मा मात्र ते निमूटपणें लावतात! पहिल्या रात्रीं मुखवट्यानें जीव घाबरतो, हें खरें. त्यासाठीं दिवसां जागेपणीं तो घटकाभर लावून वाचीत बसावें. नाक कोरडें पडल्यास हवेस ओलावा देणारें पात्र जोडावें.

हल्लींचें यंत्र रात्रींचा हिशेब आंकड्यांत दाखवितें. आम्ही मात्र तो पाहण्यापूर्वीं पत्नीस विचारतों.