छळणाऱ्याशी बोलावे का?

जुलमी सत्तेशी बोलणी करावीत की नाही, हा प्रश्न ज्यांची माणसे तुरुंगात आहेत त्यांच्यापुढे फार क्रूर होऊन उभा राहतो. बोलणी केली तर आतल्या माणसाला वाटते, आपला सौदा झाला. नाही केली तर तो आतच खितपत पडतो. विसाव्या शतकात कॅथलिक चर्चला पूर्व युरोपात हा प्रश्न चार दशके पडला होता. त्याचे उत्तर शोधण्यात एका माणसाचे सारे आयुष्य गेले. व्हॅटिकनचे मुत्सद्दी कार्डिनल आगोस्तिनो कासारोली यांनी किती बिशप नेमून घेतले, यापेक्षा त्यांच्या हातून त्या प्रश्नाचे रूप कसे पालटले, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आधी अडचण समजून घ्यायला हवी. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरूंना दीक्षा बिशप देतो आणि बिशपची नेमणूक पोप करतात. बिशप नसेल तर नवे धर्मगुरू नाहीत. धर्मगुरू नसतील तर मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. साम्यवादी सरकारांनी हे नेमके हेरले होते. चर्चला टाळे ठोकण्याची गरज नव्हती. बिशपची जागा रिकामी ठेवली की पुरे. १९२६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी मिशेल देर्बिनी या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूला मॉस्कोला धाडून गुपचूप बिशप नेमून पाहिले. काही वर्षांतच ती फळी अटकसत्रात मोडून पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि रुमानियात बिशपांची धरपकड झाली. १ जुलै १९४९ रोजी रोमने फर्मान काढले की, साम्यवादी विचारसरणीचा पुरस्कार करणारा कॅथलिक धर्मबहिष्कृत समजला जाईल. दोन्ही बाजूंनी दरवाजे बंद झाले.

ते किलकिले केले पोप तेविसावे जॉन यांनी. ते स्वतः बल्गेरिया, तुर्कस्तान आणि फ्रान्समध्ये व्हॅटिकनचे प्रतिनिधी म्हणून राहिलेले होते. एप्रिल १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रीस’ या परिपत्रकात त्यांनी चूक आणि चुकणारा माणूस यांत फरक करायला सांगितले. मत अमान्य असले, तरी ते मानणाऱ्या माणसाशी बोलता येते. त्याच वसंत ऋतूत एक आंतरराष्ट्रीय परिषद आटोपून कासारोली व्हिएन्नाहून बुडापेस्ट आणि प्रागला गेले. १९१४ मध्ये इटलीत पिआचेन्झाजवळ जन्मलेला, १९४० पासून व्हॅटिकनच्या सचिवालयात फायलींवर काम करणारा हा मितभाषी अधिकारी यानंतर पंचवीस वर्षे त्या प्रदेशात येत-जात राहिला.

१५ सप्टेंबर १९६४ रोजी हंगेरीशी पहिला करार झाला. तो आजही बारकाईने वाचण्यासारखा आहे. बिशप आणि धर्मगुरूंनी राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी, ही सरकारची अट होती. ती मान्य झाली, पण ही शपथ बिशपला किंवा धर्मगुरूला शोभेल अशाच अर्थाने घेतली जाईल, अशी पुस्ती जोडून. म्हणजे श्रद्धेविरुद्ध जाणारा कायदा त्या शपथेत बसत नव्हता. ज्या मुद्द्यांवर एकमत झाले नाही, तेही कागदावर नोंदवले गेले. त्या बदल्यात पाच नवे बिशप मिळाले. आपल्याला काय मिळाले नाही, तेही लिहून ठेवण्यात मला कासारोलींचा प्रामाणिकपणा दिसतो. अपुरा करार त्यांनी पुरा म्हणून खपवला नाही.

पण याची किंमत कुणी मोजली? हंगेरीचे कार्डिनल योझेफ मिंडसेंटी यांना १९४९ मध्ये खोट्या खटल्यात जन्मठेप झाली होती. १९५६ च्या उठावात ते सुटले आणि रशियन रणगाडे येताच बुडापेस्टमधल्या अमेरिकन दूतावासात आश्रयाला गेले. तिथे ते पंधरा वर्षे राहिले. या राजवटीशी कसलीही तडजोड त्यांना मंजूर नव्हती. १९७१ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या इच्छेखातर त्यांनी देश सोडला आणि १९७४ मध्ये त्यांचे एस्टरगोमचे आर्चबिशपपद रिक्त झाल्याचे रोमने जाहीर केले. त्यांनी राजीनामा दिला नव्हता. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. हा अन्याय होता, असे मला ठामपणे वाटते. मुत्सद्द्याचा संयम दुसऱ्याच्या त्यागावर उभा राहू लागला की त्याची नैतिक बाजू लंगडी पडते. पोलंडचे कार्डिनल विशिन्स्की रोमच्या थेट वाटाघाटींकडे साशंकतेने पाहत, तेही याचसाठी. वॉर्सातल्या राज्यकर्त्यांना आपण जास्त ओळखतो, याची त्यांना खात्री होती.

तरीही कासारोलींचे काम इथेच संपले असते, तर त्यांच्यावर लिहिण्याजोगे फारसे उरले नसते. विचार पुढे सरकला तो दुसऱ्या दिशेने. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. धर्म मानण्याचे स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे आणि तो माणूस म्हणून असलेल्या त्याच्या प्रतिष्ठेतून येतो, असे चर्चने अधिकृतपणे म्हटले. शतकानुशतके चर्च राजांशी करार करत आले ते स्वतःच्या हक्कांसाठी. आता मागणीच बदलली. युरोपच्या सुरक्षा आणि सहकार्यासाठी १९७३ मध्ये सुरू झालेल्या हेलसिंकी परिषदेत व्हॅटिकन पूर्ण सदस्य म्हणून बसले आणि १ ऑगस्ट १९७५ रोजी ३५ देशांच्या अंतिम दस्तऐवजावर व्हॅटिकनतर्फे कासारोलींनी सही केली. त्यातल्या सातव्या तत्त्वात विचार, सदसद्विवेक, धर्म आणि श्रद्धा यांचे स्वातंत्र्य आहे. ते कॅथलिकांइतकेच ऑर्थोडॉक्स, ज्यू, मुसलमान आणि नास्तिक यांचेही आहे. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनीही त्यावर सही केली. पुढच्याच वर्षी मॉस्कोत त्या दस्तऐवजाच्या पालनावर लक्ष ठेवणारा हेलसिंकी गट उभा राहिला, १९७७ मध्ये प्रागला ‘चार्टर ७७’ हा मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. तुम्हीच सही केलेला कागद पाळा, एवढेच ही मंडळी म्हणत होती. त्यांना तुरुंगात जावे लागले, पण आता त्यांच्या हातात सरकारच्याच सहीचा कागद होता.

१९७८ मध्ये पोलंडचे कारोल वोयतिवा पोप झाले. मवाळपणाचे दिवस सरले असे अनेकांना वाटले. पण या नव्या पोपनी, दुसऱ्या जॉन पॉल यांनी, १९७९ मध्ये कासारोलींनाच सचिवालयाचे प्रमुख केले. पोप लाखोंच्या सभेत निर्भयपणाचे आवाहन करत आणि कासारोली बंद खोलीत मसुदे घासूनपुसून घेत. ही माझ्या दृष्टीने त्या विचाराची परिपक्व अवस्था. नकार देणाऱ्याची आणि बोलणाऱ्याची इथे पहिल्यांदाच जोडी जमली. जून १९८८ मध्ये कासारोली क्रेमलिनमध्ये पोपचे पत्र घेऊन सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना भेटले. १ डिसेंबर १९८९ ला गोर्बाचेव्ह व्हॅटिकनमध्ये आले.

या कामात आपल्या मुंबईचाही एक माणूस होता. १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले आयव्हन डायस १९७३ पासून नऊ वर्षे सचिवालयात साम्यवादी देशांचे काम पाहत होते. १९९१ मध्ये ते अल्बानियात व्हॅटिकनचे राजदूत झाले. त्याआधी, १९६७ पासून, तिथे धर्माचरणावरच बंदी होती. मिस्सा म्हणणे हाही तिथे गुन्हा होता. १९९३ मध्ये पोपनी अल्बानियातल्या श्कोडर शहरात चार बिशपांना दीक्षा दिली. आपल्या कॅथलिक समाजाला डायस आठवतात ते मुंबईचे आर्चबिशप म्हणून. उद्ध्वस्त झालेले एक चर्च पायापासून उभारण्यातला त्यांचा वाटाही आपण ध्यानात ठेवायला हवा.

कासारोली रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात वर्षानुवर्षे जात. ते कोण आहेत, याच्याशी त्या पोरांना देणेघेणे नव्हते. त्यांच्यासाठी ते ‘डॉन आगोस्तिनो’, म्हणजे फादर आगोस्तिनो होते. क्रेमलिनच्या दालनात आणि त्या तुरुंगात एकच श्रद्धा काम करत होती, असे मी मानतो: समोरचा माणूस त्याच्या गुन्ह्याहून मोठा आहे. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक नंतर आले. त्याचे नाव ‘संयमाचे हौतात्म्य’.

२०१८ मध्ये व्हॅटिकनने बिशपांच्या नेमणुकीबाबत चीनशी तात्पुरता करार केला आणि जुना वाद पुन्हा पेटला. त्या कराराचा मजकूर अजून प्रसिद्ध झालेला नाही. त्याचे मोल ठरवताना कासारोलींच्या आयुष्याने तीन कसोट्या दिल्या आहेत. मिळाले नाही ते उघड सांगितले आहे का? किंमत मोजणाऱ्यांना विश्वासात घेतले आहे का? मागितलेले स्वातंत्र्य फक्त आपल्या माणसांसाठी आहे की सगळ्यांसाठी? पहिली कसोटी कासारोलींनी बुडापेस्टमध्ये पाळली. दुसरीत मिंडसेंटींच्या बाबतीत रोम नापास झाले. तिसरीला हेलसिंकीत उतरल्यामुळे कासारोलींचे नाव इतिहासात राहिले. छळणाऱ्याशी बोलावे, जरूर बोलावे. पण या तीन प्रश्नांची उत्तरे खिशात घेऊन.