आधी तेल पाहावे

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत टेक्सासला धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याचा जुना पिकअप ट्रक नुसता गुरगुरे, पण गिअर काही बदलेना. गिअर आपोआप बदलणारी ती पेटी! "पेटीच गेली," भाऊ म्हणाला.

शेजारच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने इंजिन तापू दिले आणि ते चालू असतानाच तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल तांबडे होते, जळका वास नव्हता. म्हणजे आतल्या चकत्या जळल्या नसाव्यात. पण तेल खुणेच्या फार खाली गेले होते. ही पेटी गिअर बदलते ती तेलाच्या दाबावर. तेलच नाही, तर दाब कुठून यावा? त्याने गळके सील बदलले, तेल भरले आणि ट्रक सुरळीत धावू लागला.

मी मात्र अस्वस्थ झालो. वर्गातल्या एका मुलाला मी वर्षभर 'मंद' म्हणत आलो होतो. तो उपाशीपोटी शाळेत येतो, हे मार्चमध्ये कळले, तेही दुसऱ्याकडून. एका यंत्राला मिळालेला न्याय माझ्या हातून त्या पोराला मिळाला नव्हता. कुणाला नालायक ठरवण्याआधी त्याला काय कमी पडले हे पाहणे, हे ठरवणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

जूनमध्ये शाळा उघडली. हजेरीपूर्वी त्याला बाजूला घेऊन मी हळूच विचारले, "काही खाल्लंस का रे?"